घाटकोपरचा जिना

वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रोने 21 मिनिटांत जाता येते. 8 जून 2014 रोजी ही 11.4 किलोमीटरची वाहिनी सुरू झाली आणि रस्त्यावर तासन् तास अडकून पडणाऱ्या उपनगरवासीयांची सुटका झाली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु या 21 मिनिटांच्या हिशेबात घाटकोपरचा जिना धरलेला नाही. आम्ही एके काळी वर्गात काळ, काम आणि वेगाची गणिते घालीत असू. त्यांत रांगेत तिष्ठण्याचा वेळ धरण्याचे आम्हांलाही कधी सुचले नाही!

अडचण उघड आहे. मध्य रेल्वेची लोकल बारा डब्यांची, आणि तिच्यातून उतरलेला लोंढा ज्या मेट्रोकडे धाव घेतो ती चार डब्यांची. अशा दोन लोकल लागोपाठ आल्या म्हणजे उरलेल्या माणसांनी जावे कोठे? ती पुलावर आणि जिन्यावर साचतात. शिवाय 2022 पासून सुरू झालेले नवे मार्ग डी. एन. नगर, गुंदवली आणि मरोळ नाका येथे याच वाहिनीला येऊन मिळाले आहेत. त्यांपैकी ज्यांना मध्य रेल्वे गाठावयाची आहे, त्यांच्यातील अनेकांचीही वाट घाटकोपरवरून जाते.

29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. त्या दिवशी कोणतीही गाडी रुळांवरून घसरली नव्हती. पाऊस आला, पुढची माणसे थबकली आणि मागून माणसे येतच राहिली.

घाटकोपरात मेट्रोचा जिना एका सत्तेचा, रेल्वेचा पूल दुसरीचा, खालचा पदपथ महापालिकेचा आणि बस बेस्टची. प्रवासी मात्र तोच, आणि बहुधा घाईत असलेला! ऑक्टोबर 2025 मध्ये या सर्व वाहनांसाठी मोबाइलवर एकत्र तिकिटाची सोय झाली, तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. पण तिकीट एक झाले म्हणून वाट एक होत नाही. रेल्वेच्या फलाटापासून बसथांब्यापर्यंतची सारी वाट एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती द्यावी, आणि गर्दी वाढताच ती अडविण्याचा वा वळविण्याचा अधिकार त्याला असावा. मेट्रोचे डबे कधी वाढणार, याचीही मुदत लोकांना कळली पाहिजे. तथापि डबे येण्यास अवधी लागेल, अधिकारी नेमण्यास एक हुकूम पुरतो. तो हुकूम येत्या पावसाळ्यापूर्वी निघावा, अशी आमची मागणी आहे.