जोत्याची उंची आणि स्लॅबचे बळ

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा भिजलेल्या यंत्रांची किंमत पंचनाम्यात लिहिता आली. त्या यंत्रांच्या पोटातील खतावण्या, रुग्णांची टिपणे आणि दस्तऐवज यांच्यासाठी मात्र पंचनाम्यात रकानाच नव्हता. 1864 साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने तर 26 जुलै 2005 च्या महापुरात ग्रंथ गमावले आणि सोळा वर्षांनी तोच घाव पुन्हा सोसला. कागदाचे जे झाले ते हार्ड डिस्कचे होऊ नये, याची तजवीज खरेदीचा हुकूम निघण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि ती सर्व्हर-स्टोरेज पुरवणाऱ्या व उभारणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंनी केली पाहिजे.

जड रॅक तळमजल्यावर ठेवावा, हा आपल्या धंद्यातील रूढ संकेत अन्यत्र शहाणपणाचा असेल. परंतु चिपळूण, जगबुडीकाठचे खेड आणि ज्याच्या जवाहर चौकात पुराचे पाणी येणे नवलाचे राहिलेले नाही ते राजापूर, या गावांत तो संकेत डोळे मिटून पाळणे म्हणजे स्टोरेज नदीच्या स्वाधीन करणे होय. बरे, वरच्या मजल्यावर न्यावे, तर तेथे निराळाच पेच उभा राहतो. कार्यालयाचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला 250 ते 400 किलो भार गृहीत धरून बांधलेला असतो, आणि डिस्कांनी भरलेला 800 किलोचा रॅक जेमतेम 0.6 चौरस मीटर जागेत उभा राहून त्याच मापाने 1,300 किलोंहून अधिक भार टाकतो. तुळईच्या जवळची जागा निवडून, खाली लोखंडी चॅनेल घालून हा भार पसरविता येतो खरा; पण तो कोठे आणि किती पसरवावा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून लेखी सांगावे, मालकाने पाय आपटून ‘स्लॅब मजबूत आहे’ म्हणणे ही खातरजमा नव्हे. त्याचबरोबर पुराची जुनी खूण भिंतीवर कोठपर्यंत आहे, हे शेजाऱ्यांना विचारून जोत्यापासून टेपने मोजावे.

अर्थिंगच्या बाबतीत आपल्याकडे होणारी फसगत तर ऋतूचीच आहे. जांभा सच्छिद्र, पाणी धरून न ठेवणारा. श्रावणात मोजलेला रोध समाधानकारक येतो, कागदावर सही होते, आणि तोच खड्डा वैशाखात कोरडा पडून रोध कितीतरी वाढतो, नेमका वळवाच्या विजा कडाडू लागतात त्या दिवसांत. म्हणून जे माप ग्राह्य धरायचे ते मे महिन्याचे.

दमट हवेचेही तसेच. वीज गेली की सर्व्हर रूमची दारे-खिडक्या सताड उघडणारा शिपाई सद्‌हेतूनेच वागत असतो. परंतु थंड धातूवर बाहेरची ओली, खारट हवा आली की यंत्राला आतून घाम फुटतो, आणि तो पुसायला कोणाचा हात पोचत नाही. नवे यंत्रही खोक्यातच राहून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती, हे ध्यानी घेता यूपीएसचा हिशेब तासांत मांडून भागत नाही. जनरेटरची जागा आणि त्याच्या डिझेलचा बंदोबस्त हेही जागेच्या तपासणी-तक्त्यात आले पाहिजेत.

उभारणीविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही: रॅक आधी जमिनीला जखडावा, डिस्क मागाहून आणि खालून वर भराव्यात, दाराची उंची व जिन्याचे वळण माल निघण्यापूर्वी मोजावे. मार्चअखेर अनुदान संपविण्याच्या घाईत मागविलेले यंत्र जागा सिद्ध नसल्यामुळे आगोटीपर्यंत पडवीत पडून राहते, हा सरकारी खाक्या मात्र आपल्या तक्त्याने सुधारणारा नाही. तेथे पुरवठादाराने मुदत वाढवून मागण्याचे धैर्य दाखवावे.

जिल्ह्यापुरता असा तपासणी-तक्ता तयार करण्याचा आमचा बेत आहे. वाचकांनी आपापल्या ठिकाणची अर्थिंगची मे आणि ऑगस्टमधील मापे, खड्ड्याची खोली व जमिनीचा प्रकार यांसह कार्यालयाकडे पाठवावीत; ग्राहकाचे नाव कळविण्याची आवश्यकता नाही.