साधेपणाची वजाबाकी

फिक्स्ड गिअर सायकलीविषयी लिहिले-बोलले जाते तेव्हा ‘शुद्ध’ हा शब्द हमखास येतो. गिअर काढले, फ्रीव्हील काढले, केबली काढल्या, जमल्यास ब्रेकही काढले आणि मग जी उरली ती शुद्ध सायकल, असा या बोलण्याचा एकंदर सूर असतो. ‘शुद्ध कविता’ या कल्पनेशी वर्गात वर्षानुवर्षे झटापट केलेल्या आमच्यासारख्या मास्तरांचे कान अशा वेळी टवकारले नाहीत तरच नवल. शुद्धतेचा दावा जेथे होतो तेथे काहीतरी झाकलेले असते, हा आमचा अनुभव आहे. एकाच गिअरची सायकल स्वतः बांधू पाहणाऱ्याने सुटे भाग निवडताना हा शब्द आधी बाजूस ठेवावा, एवढेच आम्हांला येथे म्हणायचे आहे. या शब्दाच्या नादाने केलेली निवड हास्यास्पद होते आणि प्रसंगी जीवावरही बेतते.

प्रथम संज्ञांचा घोळ निस्तरू. एकच गिअर असलेली सायकल ती सिंगल-स्पीड. आपल्या दूधवाल्याची काळी सायकल याच जातीची. तिच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते, त्यामुळे उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. फिक्स्ड गिअरमध्ये ही मोकळीक नाही. मागचे दातेरी चक्र, म्हणजे कॉग, हबला जखडलेले असते. चाक फिरते तोवर पॅडल फिरणारच, आणि वेग कमी करायचा तर पायांनीच उलट जोर लावायचा. ही रचना मुळात वेलोड्रोमची, म्हणजे सायकल-शर्यतींसाठी बांधलेल्या ट्रॅकची. तेथे सर्व जण एकाच दिशेने जातात, आडवे कोणी येत नाही, म्हणून ब्रेक नसतात. न्यूयॉर्कच्या कुरिअर-स्वारांनी ती रस्त्यावर आणली आणि नंतर तिची जगभर फॅशन झाली.

शुद्धतेच्या या युक्तिवादाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. तिच्या मुळाशी दोन संपादकांचे भांडण आहे. ‘लोतो’ या फ्रेंच दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली तूर द फ्रांस ही शर्यत सुरू केली. ते स्वतः ट्रॅकवरचे स्वार. १८९३ साली पॅरिसच्या ब्यूफालो वेलोड्रोमवर त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. बदलते गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, असे त्यांचे मत होते. त्यांच्या विरुद्ध बाजूला सेंट-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारे, ‘ल सिक्लिस्त’ मासिकाचे संपादक. त्यांचा आग्रह असा, की डोंगर चढताना गिअर बदलण्यात कमीपणा कसला? देग्रांज यांनी संचालकपद सोडल्यानंतर, १९३७ साली, तूरमध्ये डिरेलर गिअरना सर्वांसाठी परवानगी मिळाली. पस्तीस वर्षांच्या आसपास स्वार डोंगर चढत राहिले ते कोणाच्या शुद्धतेसाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शर्यतीच्या आयोजकाला नाट्य हवे होते आणि त्याची किंमत स्वारांचे गुडघे मोजत होते.

दुसरा दाखला जपानचा. १९४८ साली कोकुरा येथे केइरिन शर्यती सुरू झाल्या. त्यांवर पैसे लावले जातात, म्हणून कोणाला यंत्राचा गैरफायदा मिळू नये यासाठी फ्रेमपासून पॅडलपर्यंत प्रत्येक भागाला प्रमाणपत्राची अट आली. मान्य भागांवर ‘एन.जे.एस.’ असा शिक्का असतो. जुगारातील समानतेसाठी असलेला हा शिक्का आज शहरी हौशी मंडळींत सौंदर्याचे चिन्ह झाला आहे. त्या हबला शिक्का आहे, मग तो घेतलाच पाहिजे! पारितोषिकाचे नाव पाहून कादंबरी विकत घेणाऱ्याचीच ही जात. शिक्का खोटा नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गिअर काढल्याने सायकल सोपी होते, हे अर्धसत्य आहे. बहुगिअरी सायकलीत चुकीला जागा असते; दात्यांचे एक प्रमाण जड वाटले तर दुसरे आहे, साखळी सैल पडली तर डिरेलर ती ताणून धरतो. हे सर्व काढले की उरलेला प्रत्येक भाग दुसऱ्याला बांधील होतो. चार ओळींच्या कवितेत एक शब्द चुकला तर लपायला जागा नसते, तसेच हे.

उदाहरणे घेऊ. पुढे ४६ आणि मागे १८ दाते घेतले, चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाला पाय मिनिटाला ९३ फेरे घेतात; हे जमण्यासारखे आहे. पण उतारावर ताशी ५० किलोमीटर वेग आला की तेच पाय १५५ फेरे घेऊ लागतात, आणि थांबवायची सोय नाही. म्हणून आपल्या वाटेवर चढ कोणता आणि उतार कोणता, हे ठरल्यावाचून दाते ठरवता येत नाहीत. दुकानातील छायाचित्र याचे उत्तर देणार नाही.

पुढे ४८ आणि मागे १६ हे प्रमाण कागदावर देखणे दिसते, बरोबर तीन. पण मागचे चाक लॉक करून घसरवण्याची सवय असणाऱ्याच्या बाबतीत, दरवेळी तोच पाय पुढे असेल तर टायरची एकच जागा घासली जाते. पुढे ४७ दाते केले की अशा १६ जागा होतात. एका दात्याने टायरचे आयुष्य बदलते.

फ्रेममध्ये चाकाचा आस बसवण्याची खाच उभी असेल तर साखळी ताणण्यासाठी चाक मागे सरकवता येत नाही. फ्रीव्हील असेल तर स्प्रिंगचा टेन्शनर लावून भागते. फिक्स्डला तोही चालत नाही, कारण उलट जोर देताच साखळीची खालची बाजू ताणली जाते आणि टेन्शनर मोडतो. आडवी खाच असलेली फ्रेम हीच खरी पहिली खरेदी. ट्रॅकच्या हबची रुंदी सहसा १२० मिलिमीटर. ती फ्रेमशी जुळली पाहिजे. पुढचे चेनव्हील आणि मागचा कॉग एका रेषेत आले पाहिजेत, आणि ती रेष बॉटम ब्रॅकेटच्या आसाच्या लांबीवर ठरते. वळणावर आतले पॅडल वर धरून ठेवता येत नाही, म्हणून १६५ मिलिमीटरचे आखूड क्रँक बरे. यांतले काहीही रंगाशी संबंधित नाही.

आमच्या विभागातून एम.ए. झालेल्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी अशी सायकल बांधली. जुनी फ्रेम, पांढऱ्या रिम, ब्रेक एकही नाही. हब मात्र फ्रीव्हीलसाठी बनवलेले. त्यावर कॉगचे आटे बसतात, त्यामुळे सगळे जमले असे वाटते. पण खऱ्या ट्रॅक हबवर कॉगच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. मागे जोर दिल्यावर कॉग सुटू पाहतो तेव्हा तीच त्याला अडवते. या हबवर तिच्यासाठी आटेच नव्हते. एका उतारावर त्याने पाय मागे रेटले, कॉग सुटला, साखळी लोंबकळली आणि सायकल थांबवायला हाताशी काही उरले नाही. भिंतीने थांबवले. खांद्याजवळचे हाड मोडले. समोर लहान मूल आले असते तर हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते.

‘पाय हाच ब्रेक’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर साधे आहे. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर जातो. मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. म्हणून लॉकरिंग शाबूत असली तरी केवळ मागच्या चाकाने लवकर थांबता येत नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसार सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स्ड चाक त्यांपैकी एक धरले जाते, पण पुढचा ब्रेक सुटत नाही. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीच्या धडकेत एका पादचारी स्त्रीचा जीव गेला आणि २०१७ साली स्वाराला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या केबलीने सायकलीची रेषा बिघडते अशी तक्रार आहे, तिची लांबी हातभर आहे.

मग सौंदर्याचे काय, असे कोणी विचारील. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक घडवले. ते सुंदर आहे, आणि त्यावर बसून कोणी कॉलेजला जाणार नाही. ज्याला शिल्प हवे त्याने भिंतीवर टांगावे. रस्त्यावर उतरणाऱ्या वस्तूवर मात्र तिच्या धन्याइतकाच समोरून चालत येणाऱ्या अनोळखी माणसाचा हक्क असतो. फ्रेम, हब आणि लॉकरिंग, दात्यांचे प्रमाण, साखळीची रेष, पुढचा ब्रेक हे सर्व जुळल्यावर जो साधेपणा दिसतो तो कमावलेला असतो. रंग त्यानंतर खुशाल निवडावा.

त्या विद्यार्थ्याचा हात आता बरा आहे. तो पुन्हा सायकल बांधतो आहे. परवा त्याने नवी यादी दाखवली. तिच्यात पुढचा ब्रेक होता, लॉकरिंगही होती. आम्ही फक्त एक दाता कमी करायला सांगितला.