उंच जुडी, कमी पाने

मेथीची जुडी घेताना ग्राहक उंची बघतो. बाजाराची ही आवड शेतकऱ्याला ठाऊक असते. शिवाय उगवण कमी झाली तर वाफा विरळ पडेल, ही धास्ती असतेच. त्यामुळे फोकून पेरताना बी हमखास दाट पडते.

दाट पेरले की जास्त पिकते, हे एका मर्यादेपर्यंतच खरे. किरा, ओगावा आणि साकाझाकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ साली सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवले, की ठरावीक दाटीनंतर रोपे वाढवली तरी तेवढ्या जागेतले एकूण वजन जवळपास तेच राहते. प्रत्येक रोप तेवढे लहान होते. रोपे अगदी लहान असतानाच काढायची असतील तर दाटी चालते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत पिकणारी समुद्रमेथी अशीच खेटून पेरतात आणि बोटभर झाली की उपटतात. मोठ्या मेथीला हा हिशेब लागू पडत नाही.

मग दाट वाफ्यातली मेथी उंच का? पाने तांबडा प्रकाश शोषतात, त्यापलीकडचा अतितांबडा बराचसा परतवतात. शेजारच्या पानांवरून आलेला हा प्रकाश रोपातील फायटोक्रोम हे रंगद्रव्य ओळखते, तेही प्रत्यक्ष सावली पडण्याआधी. मग रोप पानांपेक्षा दांड्यावर जास्त खर्च करते. हा दांडा आपण पैसे देऊन घरी आणतो आणि भाजी निवडताना फेकतो.

प्रश्न पैशांपुरता नाही. दाटीत हवा खेळत नाही, पाने ओली राहतात, बुरशीजन्य रोग पसरतात, फवारण्या वाढतात. मेथी महिन्याभरात काढणीला येते. फवारणी आणि ताट यांत अंतर ते किती राहणार? त्यात, कमी उजेडात पानांतील नायट्रेटचे प्रथिनांत रूपांतर मंदावते आणि ते साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने हरितगृहातील लेट्यूससाठी उन्हाळी महिन्यांत किलोमागे ४००० मिलिग्रॅम, तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये ५००० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा ठेवली आहे. यामुळे पालेभाजी खाणे सोडण्याचे अर्थातच कारण नाही.

ओळीत पेरणी आणि वेळेवर विरळणी हा उपाय शेतकऱ्याला नवा नाही. पण त्याला मजुरी लागते आणि नगावर विकल्या जाणाऱ्या जुडीत ती वसूल होत नाही. बाजार समित्यांनी पालेभाजीचा भाव वजनावर, पाने आणि दांडा पाहून ठरवायला सुरुवात करावी. तोवर पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे आणि त्यावरून बियाणे ठरवावे. याला खर्च काहीच नाही.