तांब्यावरचे अभ्रक

१२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ उपनगरवासीयांच्या स्मरणात असेल. दहाच्या सुमारास अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घराघरांतले पंखे थांबले, लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या आणि त्या करोनाच्या दिवसांत घरी बसून शिकणाऱ्या मुलांचा तास मध्येच तुटला. दोष बाहेरून वीज आणणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्यांचा होता. पण बाहेरची वाट बंद झाली की आधार उरतो तो जवळच्या वीजनिर्मिती संचांचा, हेही त्या दिवशी कळून चुकले.

डहाणूचे दोन संच, प्रत्येकी २५० मेगावॉटचे, मुंबई उपनगरांच्या गरजेसाठी १९९५च्या सुमारास उभे राहिले. त्यांनी आता तिशी गाठली आहे. मग ते म्हातारे झाले काय? जन्मतारखेवरून ते ठरत नाही, असे आमचे मत आहे.

जनित्राचा न फिरणारा भाग म्हणजे स्टेटर. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यातल्या खाचांत तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांवर अभ्रकाची फीत गुंडाळून ती इपॉक्सी राळेत पक्की केलेली असते. काही मिलिमीटरचा हा थर, म्हणजेच इन्सुलेशन, हजारो व्होल्टना लोखंडापासून दूर ठेवतो. अभ्रक मोठे चिवट. थकते ती राळ. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे, असा जाणकारांचा जुना ठोकताळा आहे. राळ ठिसूळ झाली की थर सुटतात, पोकळ्या पडतात आणि त्या पोकळ्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिणग्या थराला आतून कुरतडू लागतात. शिवाय पट्ट्यांना सेकंदाला शंभर वेळा धक्का बसतो. खाचेतली पाचर सैल झाली की पट्टी लोखंडावर घासते.

त्यात आता नवी भर पडली आहे. दुपारी सौरवीज मुबलक असते, म्हणून कोळशाच्या संचांनी भार उतरवायचा आणि दिवेलागणीला पुन्हा चढवायचा. २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार हा भार ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आला पाहिजे. तांबे आणि लोखंड सारखे प्रसरण पावत नाहीत. रोजच्या या चढउतारात मधल्या थराची ओढाताण होते. सूर्याची वीज हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तिची थोडी किंमत या थराला मोजावी लागते, ती हिशेबात धरली पाहिजे.

घरातल्या आजोबांचा रक्तदाब ठीक आला म्हणून हृदयही ठणठणीत आहे, असे डॉक्टर म्हणत नाहीत. इथेही तसेच. मेगर लावून एक मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे माप घेतात. दुसरे पहिल्याच्या दुप्पट तरी असावे अशी अपेक्षा असते. ओल आणि धूळ त्यात पकडली जाते, पण आतून सुटलेले थर या चाचणीतून निसटू शकतात. त्यासाठी टॅन डेल्टा मोजावा लागतो आणि अंशतः होणारे विसर्जन, म्हणजे त्या सूक्ष्म ठिणग्या, मोजाव्या लागतात. ठिणग्यांची मोजणी संच चालू असतानाही करता येते. खरा अर्थ मात्र एका आकड्यात नसतो. याच स्टेटरचा गेल्या वर्षीचा आकडा काय होता, त्याआधीचा काय होता, आणि चढण अचानक तीव्र झाली का, हे पाहावे लागते. जुनी वही हरवली तर महागडे उपकरणही मुके.

वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते, तेव्हा ग्राहक कोळशाचा भाव विचारतात. तो विचारावाच. पण संचाचे वाइंडिंग कधी तपासले, मागील पाच वर्षांचे आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत, हेही विचारायला हवे. मोठ्या जनित्राचे वाइंडिंग जळाले तर संच महिनोन्‌महिने बंद राहू शकतो आणि बाहेरून घेतलेल्या विजेचा भार शेवटी आपल्याच बिलावर येतो.

पावसाळ्यात पंखे आणि वातानुकूलन यंत्रे थोडी विसावतात, विजेची मागणी उतरते आणि संच उघडायला सवड मिळते. रोटर बाहेर काढून प्रत्येक पाचर ठोकून पाहायला जितके दिवस लागतात, तितके ते द्यावेत.