गारगोटीची जन्मपत्रिका

आमच्या कन्येने मराठी घेऊन एम. ए. व्हावे, घरातल्या पुस्तकांना वारस मिळावा, अशी माझी फार इच्छा. तिने घेतले भूशास्त्र! येत्या उन्हाळ्यात लडाखला, त्सो मोरिरीच्या काठी दगड फोडायला जायचे म्हणते. उंची साडेचार हजार मीटर. हे ऐकताच तिच्या आईने जेवणाचे ताट बाजूला सारले.

"दगडच हवेत ना? मग सह्याद्री काय ओस पडला?" मी विचारले.

"बाबा, सह्याद्रीचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तिथला दगड नव्वद किलोमीटर खाली जाऊन परत आलाय!"

'पाषाणासारखा अचल' या उपमेला वीस वर्षे गुण देत आलेला मी गप्पच बसलो.

भारतभूमी आशियाला भिडली तेव्हा तिची पुढची कड खाली दडपली गेली. किती खोल, ते गारगोटी सांगते. 1953 साली लोरिंग कोझ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने प्रचंड दाबाखाली गारगोटीच्याच द्रव्याचे अधिक घट्ट रूप घडवले. ते कोसाइट. नैसर्गिक खडकात ते व्हायला हवेच्या दाबाच्या पंचवीस हजार पटींहून अधिक दाब लागतो. 1984 मध्ये शोपाँ यांना ते आल्प्समधल्या दगडात सापडले; 2001 मध्ये देहरादूनच्या वाडिया संस्थेतील मुखर्जी आणि सचान यांना त्सो मोरिरीच्या. वर येताना कोसाइट फुगून पुन्हा गारगोटी होऊ पाहते. गार्नेटच्या (आपला गोमेद त्याच कुळातला) कणात कोंडलेला एखादा तुकडा तेवढा वाचतो. भोवती तडे मात्र उमटतात.

हे घडले कधी? झिरकॉनच्या सूक्ष्म स्फटिकात युरेनियम असते. 447 कोटी वर्षांत त्यातले निम्मे सरून शेवटी शिसे होते. पण झिरकॉन कांद्यासारखा थराथराने वाढतो, आणि तळाशी असताना वाढलेला थर कोणता, यावरच पंडितांत वाद. कोणी 5.3 कोटी वर्षे म्हणतात, कोणी 4.7. साठ लाखांचा फरक! आमच्या आजोबांच्या जन्मतिथीवरून घरात दोन तट आहेत, पण वाद एकाच वर्षाचा. दोन्ही भूखंडे कधी भिडली, हा हिशेब याच थरावर अडला आहे म्हणे, आणि कन्येला तोच सोडवायचा आहे.

काल पाहतो तो हिने लोकरीच्या चार लडी आणलेल्या. "तिकडे मे महिन्यातही थंडी असते म्हणे," एवढेच म्हणाली, आणि मला लडी धरून बसवले.