कुकडीच्या खोऱ्यातले विहार आणि मळे

पुणे जिल्ह्यातील जुन्नर समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे मीटर उंचीवर आहे. हिमालयातल्या स्पिती किंवा मुस्तांगच्या तुलनेत ही उंची काहीच नाही. तरी तिथल्यासारख्याच डोंगरवाटा, बौद्ध विहार आणि फळबागा कुकडी नदीच्या या खोऱ्यातही एकत्र नांदतात, आणि तिन्हींच्या मुळाशी सह्याद्रीची एकच भिंत आहे.

भिंत ओलांडायची वाट म्हणजे नाणेघाट. कल्याण-सोपारा या बंदरांतला माल सातवाहनकाळी इथून वर चढे. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, शेजारी दगडी रांजण. त्यात जकात गोळा होई असे परंपरा सांगते. आज मुरबाडकडच्या वैशाखऱ्याहून ट्रेकर तीच वाट चढतात. जीवधन, चावंड, हडसर हे किल्लेही याच वाटेच्या राखणीचे.

व्यापार आला तसे दान आले. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली. एका गावाभोवती इतकी लेणी देशात क्वचितच सापडतील. दात्यांत यवन आहेत, शक आहेत, कारागिरांच्या श्रेणी म्हणजे संघही आहेत. अडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजांच्या लागवडीसाठी वीस आणि वडांसाठी नऊ निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन दिल्याचा शिलालेख आहे. विहाराच्या खर्चाची तरतूद झाडांतून करण्याची ही रीत हिशेबी म्हणावी लागेल.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचे सातवे लेणे हा मुळात वीस खोल्यांचा विहार. मधे एकही खांब नसलेले प्रशस्त दालन, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून तिथे गिरिजात्मज गणपती विराजमान झाला. अष्टविनायकाच्या यात्रेमुळे हे लेणे गजबजलेले असते. विहार म्हणून त्याकडे पाहणारा मात्र विरळा.

फळबागांच्या मुळाशीही सह्याद्रीचीच भिंत आहे. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे नारायणगावपर्यंत पार ओसरतो. ही कोरडी हवा द्राक्षाला मानवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काळी द्राक्षे बाजारात. पाणी येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे. ऐन काढणीत अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

राज्य सरकारने 2018 मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुका ठरवले. पण भाविक, ट्रेकर आणि द्राक्षमहोत्सवाचे पाहुणे अजून आपापल्या वाटेने येतात-जातात. लेण्याद्रीला जाणाऱ्याने निदान शेजारच्या सहाव्या लेण्यातला स्तूप आणि प्राणीशिल्पांचे खांब पाहूनच पायऱ्या उतराव्यात.