योगाच्या तासाला मुली कुठे असतात?

शाळा-कॉलेजांतून योग शिकवावा का, या वादात मुलींचा विचार क्वचितच होतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो केला होता. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, ते मुलांप्रमाणे मुलींसाठीही. त्या संस्थानातले औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. त्याच किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. सक्ती मला पटत नाही, मंत्रांची तर नाहीच. पण राजाने मुलींना वगळले नाही, हे मानायला हवे.

आणि आज? २०१५ पासून दर २१ जूनला मैदानावर रांगा लागतात, फोटो निघतात. किशोरी गटांच्या कामासाठी मी दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांत जाते. एका शाळेत पाळी आलेल्या मुलींना वर्गातच बसवून ठेवले होते. बाकीच्या ओढणीला पिना लावून वाकत होत्या. समोर शिकवणारे सर, मागे मुलगे. "सर ओरडतात, नीट वाक म्हणून. कशी वाकणार, ताई?" आठवीतल्या मुलीने मला विचारले.

योगाने मुली शांत होतात, असे शिक्षक कौतुकाने सांगतात. मला हा शब्दच खटकतो. आपल्या मुली काय कमी शांत आहेत? एसटीत, शाळेच्या वाटेवर होणारी छेडछाड त्या मुकाट्याने सोसतातच. तिथे दीर्घ श्वास घे म्हणून भागत नाही, तक्रार ऐकून घेणारे कोणी लागते. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सकाळी नुसत्या चहावर आलेल्या मुलीला आसने काय करणार?

तरीही योग हवा, असेच मी म्हणेन. स्वतःच्या शरीराकडे निवांत बघायला मुलीला दुसरी जागा मिळतेच कुठे? मात्र शिकवायला बाई हवी, अंगात ट्रॅकपँट हवी, पाळीत काय करायचे ते मुलीने ठरवावे. आणि हा तास खो-खो, कबड्डीच्या तासातून कापू नये. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तशा धावणाऱ्या मुलींना मैदान लागते, सतरंजी पुरत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारावे: २१ जूनला किती मुली मैदानावर होत्या, आणि उरलेल्या कुठे होत्या?